सरकारने न मानलेली लग्नं आणि न जळालेल्या वह्या: आयर्लंडमधले पूर्वज कसे शोधतात

(ज्यांना हा भाग ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकताना ती आयरिश नावं नीट कळली नाहीत त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातला ओघ तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.)

आज आपण जाणार आहोत थेट आयर्लंडच्या उत्तर टोकाला, अल्स्टर नावाच्या भागात. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या जुन्या वह्यांमधून लोक आपले पूर्वज कसे शोधतात, हा आजचा विषय.

आता तुम्ही म्हणाल, अरे, तुझा आणि आयर्लंडचा काय संबंध? संबंध नोकरीतून आला. मी सॉफ्टवेअर इंजिनियर. अर्धी टीम पुण्यात, अर्धी टोरांटोत. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या लोकांशी रोज बोलायचं म्हटलं की कधीतरी गप्पा घरादारावर येतातच. आणि त्यातले कितीतरी जण सांगतात, "आमचे लोक मूळचे अल्स्टरचे, प्रेस्बिटेरियन." पुढे विचारलं, कुठलं गाव? तर माहीत नसतं. पणजीचं माहेरचं नाव? माहीत नसतं. एवढी एक ओळ घरात उरलेली असते, बाकी सगळं पुसलेलं.

गंमत अशी की त्या एका ओळीतला "प्रेस्बिटेरियन" हा शब्दच सगळ्यात कामाचा निघतो. तो का, हेच आज सांगायचंय.

हे लोक कोण?

सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कॉटलंडमधून खूप लोक समुद्र ओलांडून अल्स्टरमध्ये स्थायिक झाले. समुद्र म्हणजे तरी किती, स्वच्छ हवा असेल तर पलीकडचा किनारा दिसतो. येताना ते आपला पंथ घेऊन आले. या पंथात बिशप नसतो. चर्चचा कारभार पाळक आणि मंडळीतून निवडलेले वडील मिळून बघतात. "प्रेस्बिटर" या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच वडीलधारा माणूस. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती लोकांत हेच शब्द आहेत, बरं का. पाळक, वडील, आणि एका चर्चच्या सगळ्या लोकांना म्हणायचं "मंडळी". मी आज मंडळी म्हटलं की कधी तुम्ही आणि कधी ते, संदर्भाने घ्या.

आयर्लंडमधली त्यांची पहिली प्रेस्बिटरी, म्हणजे अनेक मंडळ्यांची मिळून सभा, १६४२ मध्ये कॅरिकफर्गसला भरली. म्हणजे ही सगळी व्यवस्था शिवाजी महाराजांच्या बालपणाच्या काळातली.

पण राज्याचा अधिकृत पंथ वेगळा होता. तो म्हणजे चर्च ऑफ आयर्लंड, इंग्लंडच्या चर्चचं आयर्लंडमधलं भावंड. बहुसंख्य जनता कॅथलिक, सत्ता चर्च ऑफ आयर्लंडवाल्यांची, आणि हे प्रेस्बिटेरियन मधल्या मधे. १७०४ च्या कायद्याने सरकारी पद हवं असेल तर अधिकृत चर्चमध्ये प्रभुभोजन घेणं सक्तीचं झालं. ही अट १७८० पर्यंत होती. जमिनीचे खंड वाढले, पिकं बुडाली, वरून हा दुजाभाव. १७१८ पासून जहाजं भरभरून लोक अमेरिकेला जायला लागले. तिथे त्यांनाच पुढे "स्कॉच-आयरिश" म्हणायला लागले. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे आजोबा टायरोन काउंटीतल्या स्ट्रबेनजवळचे, १८०७ मध्ये गेलेले. विल्सन यांचे वडील स्वतः प्रेस्बिटेरियन पाळक होते. म्हणजे दोन पिढ्यांत देश बदलला, तरी पंथ टिकला.

लग्न लागलं, पण कायद्याला दिसलं नाही

आता एक खटला सांगतो. हा समजला की पुढचं सगळं समजेल.

१८२९ मध्ये डाउन काउंटीतल्या बॅनब्रिजला जॉर्ज मिलिस नावाच्या माणसाने हेस्टर ग्रॅहम हिच्याशी लग्न केलं. लग्न लावलं प्रेस्बिटेरियन पाळकाने. पुढे १८३६ मध्ये हा गडी इंग्लंडमध्ये गेला आणि तिथे दुसरं लग्न केलं. पहिली बायको जिवंत. साहजिकच त्याच्यावर द्विभार्याचा खटला भरला गेला.

आणि तो सुटला! कारण? मिलिस अधिकृत चर्चचा माणूस होता, आणि त्याचं लग्न त्या चर्चच्या पाळकाने लावलं नव्हतं. म्हणजे पहिलं लग्न कायद्याने लग्नच नाही. मग दुसरं लग्न हे दुसरं कसं? प्रकरण लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. १८४४ मध्ये तिथे मतं समसमान पडली, त्यामुळे खालचा निकाल कायम राहिला.

एक मिनिट हेस्टरच्या बाजूने विचार करा. पाळकासमोर लग्न झालंय, सगळ्या गावाला माहितीये, आणि एक दिवस कोर्ट सांगतं की तू कधी बायको नव्हतीसच. आणि हे तिच्या एकटीपुरतं नव्हतं. दोघेही प्रेस्बिटेरियन असतील तर त्यांच्या पाळकाने लावलेलं लग्न १७८२ च्या कायद्यापासून वैध होतं. पण एक जण प्रेस्बिटेरियन आणि एक चर्च ऑफ आयर्लंडचा, असं जोडपं असेल तर मुलांचा वारसाहक्कसुद्धा लटकला. अल्स्टरमध्ये अशी घरं भरपूर. ओरड झाली, नवीन कायदा आला, आणि १ एप्रिल १८४५ पासून अशी मिश्र लग्नंही प्रेस्बिटेरियन पाळक लावू शकले. त्याच दिवसापासून कॅथलिक सोडून बाकी सगळ्या लग्नांची सरकारी नोंद सुरू झाली. जन्म, मृत्यू आणि कॅथलिक लग्नं यांची नोंद सुरू व्हायला १८६४ उजाडलं.

या तारखा लक्षात ठेवा: १८४५ आणि १८६४. त्याच्या अलीकडे सरकारी दप्तर आहे. पलीकडे जायचं तर चर्चच्या वह्या.

३० जून १९२२

आता दुसरा प्रसंग. डब्लिनमध्ये फोर कोर्ट्स नावाची न्यायालयाची मोठी इमारत आहे. तिच्याच आवारात आयर्लंडचं सरकारी अभिलेखागार होतं. १९२२ मध्ये आयर्लंडच्या यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच तिथे लढाई झाली, स्फोट झाला, आग लागली. ३० जूनला शेकडो वर्षांची कागदपत्रं जळून गेली. अर्धवट जळलेले कागद हवेत उडत शहरभर पडले.

जनगणनेचंच बघा. आयर्लंडमध्ये १८२१ पासून दर दहा वर्षांनी घरोघरची नोंद होत होती. १८२१ ते १८५१ ची दप्तरं, थोडे तुकडे सोडले तर, त्या आगीत गेली. १८६१ आणि १८७१ ची सरकारने स्वतःच नष्ट केली होती. १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यासाठी गेली. म्हणजे संपूर्ण मिळणारी सगळ्यात जुनी जनगणना १९०१ ची. ज्यांचे पूर्वज १८५० ला जहाजात बसले, त्यांना तिचा थेट उपयोग शून्य.

चर्च ऑफ आयर्लंडच्या वह्यांचं काय झालं? १८७१ मध्ये त्या चर्चचा अधिकृत दर्जा गेला. मग त्यांच्या जुन्या वह्या या सरकारी अभिलेख ठरवल्या गेल्या आणि त्यातल्या बऱ्याच डब्लिनला आणून ठेवल्या, "सुरक्षित" राहाव्यात म्हणून. आगीत त्यांचा फार मोठा भाग गेला.

प्रेस्बिटेरियन वह्या? त्या सरकारी कधी मानल्याच गेल्या नव्हत्या. म्हणून त्या डब्लिनला गेल्याच नाहीत. कुठल्यातरी खेड्यात, चर्चच्या कपाटात, पाळकाच्या घरी पेटीत पडून राहिल्या. आणि वाचल्या. कॅथलिक वह्यांचंही तसंच.

आपण इंजिनियर लोक बॅकअप, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर वगैरे शब्द रोज वापरतो. इथे तो प्रकार कोणी ठरवून केला नव्हता. ज्या लोकांच्या लग्नाला सरकार लग्न मानत नव्हतं, त्यांच्या लग्नाची वही सरकारने ताब्यात घेतली नाही, एवढंच. आज कॅनडात बसलेल्या त्यांच्या पणतवंडांना मात्र त्याचा फायदा होतो.

वहीत असतं काय?

सगळ्यात कामाची बाप्तिस्म्याची वही. त्यात मुलाचं नाव, आईवडिलांची नावं, तारीख, आणि पुष्कळदा आईचं माहेरचं आडनाव आणि टाउनलँडचं नाव. टाउनलँड म्हणजे आपल्याकडची वाडी समजा. आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. आडनाव सारखं असलेली दहा घरं असतील, पण वाडी कळली की घर सापडतं.

मग लग्नाची वही. १८४५ नंतरच्या लग्नाच्या नोंदीत वधू-वर दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो, साक्षीदार असतात. म्हणजे एका नोंदीत दोन पिढ्या.

तिसरी, प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांची यादी. ही मला फार आवडते. वर्षानुवर्षं तीच यादी चालवायची, आणि कोणी कमी झालं की नावापुढे शेरा मारायचा. "मयत." "लग्न होऊन गेली." "अमेरिकेस गेला." एवढे दोन शब्द, पण शोधणाऱ्या माणसाला त्या दोन शब्दांसाठी वर्ष घालवावं लागलेलं असतं.

चौथी, बाकांच्या भाड्याची वही. हो, चर्चमध्ये बसायच्या बाकाचं भाडं असायचं, कुटुंबाने भरायचं. त्यामुळे कुठलं कुटुंब कोणत्या सालापर्यंत गावात होतं ते कळतं. भाडं थांबलं की समजायचं, काहीतरी घडलं.

पाचवी, दाखले. मंडळीतला माणूस दुसरीकडे जाताना पाळक लिहून द्यायचे की हा आमच्यातला, चांगल्या वर्तणुकीचा. नव्या गावातल्या मंडळीत हा दाखला दाखवायचा. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखंच. काही ठिकाणी दिलेल्या दाखल्यांची नोंद वहीत आहे, तर काही घराण्यांत तो कागद अमेरिकेत अजून जपून ठेवलेला असतो.

आणि सहावी, सेशनची वही. तिच्याकडे नंतर येतो.

शोधायचं कसं?

पहिला नियम: आयर्लंडमध्ये शोधायला सुरुवात करायची नाही. जिथे ते लोक गेले तिथून सुरुवात करायची. कॅनडातलं मृत्यूपत्र, थडग्यावरचा मजकूर, तिकडच्या प्रेस्बिटेरियन चर्चची वही, वर्तमानपत्रातली निधनवार्ता. यातून एक तरी जागेचं नाव मिळवायचं. निदान काउंटी. नुसतं "जॉन विल्सन, आयर्लंड" टाकून सर्च मारलात तर शेकडो जॉन विल्सन येतील, आणि वेबसाइट त्यातला एक तुमच्या झाडाला प्रेमाने चिकटवून देईल. तो तुमचा असेलच असं नाही.

दुसरं, वाडी शोधायची. १८४७ ते १८६४ या काळात आयर्लंडमध्ये घरं आणि जमिनींची करासाठी मोजणी झाली, तिला ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन म्हणतात. प्रत्येक टाउनलँडमध्ये जमीन किंवा घर कोणाच्या ताब्यात होतं त्याची यादी, ऑनलाइन, फुकट. त्याच्या आधीचं हवं असेल तर १७९६ ची जवस लावणाऱ्यांची यादी आहे. जवसाच्या धाग्यापासून लिनन होतं, आणि सरकार जवस लावणाऱ्यांना बक्षीस म्हणून चरखे द्यायचं. त्यात जवळजवळ साठ हजार नावं आहेत, बहुतेक अल्स्टरची. चरख्याच्या बक्षिसाची यादी आज लोक खापरपणजोबा शोधायला वापरतात!

तिसरं, त्या वाडीच्या आसपासच्या मंडळ्या शोधायच्या. आणि इथे खरा गुंता आहे. चर्च ऑफ आयर्लंडला हद्दी होत्या, अमुक गाव अमुक चर्चचं. प्रेस्बिटेरियनांना तशा सक्तीच्या हद्दी नव्हत्या. माणूस जवळचं चर्च सोडून चार मैल चालत दुसऱ्या चर्चला जायचा, कारण तिथला पाळक आवडतो, किंवा इथल्या वडिलांशी भांडण झालंय. एकाच गावात फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा नंबरांच्या मंडळ्या. त्यात फाटाफूट. कव्हेनंटर वेगळे, अठराव्या शतकात सिसीडर वेगळे झाले, श्रद्धेच्या मसुद्यावर सही करायला नकार देणारे नॉन-सबस्क्रायबिंग वेगळे. १८४० मध्ये मुख्य गट आणि सिसीडर एकत्र आले आणि आजचं प्रेस्बिटेरियन चर्च इन आयर्लंड तयार झालं. आपल्याकडच्या राजकीय पक्षांच्या फुटी लक्षात ठेवणाऱ्यांना हे काही कठीण नाही. पण याचा व्यावहारिक अर्थ असा की फूट पडली तेव्हा जुनी वही कोणत्या गटाकडे राहिली ते बघावं लागतं. काही ठिकाणी ती नॉन-सबस्क्रायबिंग मंडळीकडे आहे.

चौथं, वही कुठे बघायची? बेलफास्टमध्ये टायटॅनिक क्वार्टरला उत्तर आयर्लंडचं सरकारी अभिलेखागार आहे, लोक त्याला "प्रोनी" म्हणतात. टायटॅनिक जिथे बांधलं त्याच परिसरात. तिथे प्रेस्बिटेरियन वह्यांच्या मायक्रोफिल्म आहेत, आणि कुठल्या मंडळीच्या कुठल्या सालापासूनच्या नोंदी आहेत याची यादी त्यांच्या साइटवर मिळते. आधी ती यादी बघा. उगाच १७८० चा बाप्तिस्मा शोधायला बसाल आणि त्या मंडळीची वही १८२५ पासून सुरू होत असेल. शिवाय बेलफास्टमध्येच प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ आयर्लंड आहे, १९०७ पासूनची. कोणती मंडळी कधी सुरू झाली, पाळक कोण कोण होते, हे त्यांच्याकडे कळतं. आणि १८४५ आणि १८६४ नंतरच्या सरकारी नोंदींसाठी आयरिशजिनिऑलॉजी डॉट आयई ही आयर्लंड सरकारची साइट. मूळ पानांचे फोटो, फुकट, मोबाइलवर उघडतात.

पाचवं, नावं. आपल्याला "मॅक" लिहिलेलं वाटतं, पण वहीत "एम" आणि वर एक टिंब किंवा स्वल्पविराम एवढंच असतं. एकच आडनाव एका भावाच्या नोंदीत एका स्पेलिंगने, दुसऱ्याच्या नोंदीत दुसऱ्याच. पाळकाच्या कानाला जसं आलं तसं त्याने लिहिलं. नॅन्सी म्हणजे कधी अॅन, कधी चक्क अॅग्नेस. पेगी म्हणजे मार्गारेट. आपल्याकडे घरी बेबी आणि रेशन कार्डावर सुनंदा असते, तसंच. कोड लिहिणाऱ्यांना सांगतो, साउंडेक्स आणि एडिट डिस्टन्स इथे मदत करतात, पण नॅन्सी आणि अॅग्नेस जुळवायला कुठलाही अल्गोरिदम चालत नाही. तिथे जोड्यांची यादी हातानेच बनवावी लागते.

एक सोय मात्र आहे. बऱ्याच घरांत नाव ठेवायची पद्धत ठरलेली होती. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं. पुरावा नाही हा, पण कुठे शोधायचं याची दिशा मिळते.

आणि जुन्या तारखा वाचताना एक ध्यानात ठेवा. १७५२ च्या आधी तिथल्या कायद्याने नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे फेब्रुवारी १७१० असं लिहिलं असेल तर ते आपल्या हिशोबाने १७११ असू शकतं. मूल लग्नाआधी जन्मलं असं वाटायला लागलं तर आधी कॅलेंडर तपासा!

सेशनची वही

आता ती सहावी वही. पाळक आणि वडील यांची जी बैठक, तिला सेशन म्हणतात. तिचं इतिवृत्त वहीत लिहायचे. टेम्पलपॅट्रिकच्या मंडळीची अशी वही १६४६ पासूनची आहे.

सेशनपुढे काय यायचं? गरिबांना मदत, चर्चची दुरुस्ती, हे असायचंच. पण त्याहून जास्त, लोकांचं वागणं. दारू पिऊन गोंधळ, रविवारी काम, शेजाऱ्याची बदनामी, आणि लग्नाआधी किंवा लग्नाबाहेर झालेलं मूल. माणसाला बोलावायचे, कबुली घ्यायचे, समज द्यायचे, कधी सगळ्या मंडळीसमोर. थोडक्यात आपली जातपंचायत आठवेल. आठवावीच.

माझ्या टोरांटोच्या एका सहकारीबरोबर मी हा शोध जवळून बघितला. नावांच्या जोड्या जुळवायचं काम माझ्याकडे होतं. तिच्या आईचं वय चौऱ्याऐंशी, आणि घरात चालत आलेली गोष्ट अशी: आईची खापरपणजी तान्हं मूल घेऊन अल्स्टरहून आली, नवरा बोटीवर तापाने गेला. शोध लागत लागत ॲन्ट्रिम काउंटीतल्या एका लहान मंडळीपर्यंत पोहोचला. लग्नाची नोंद काही सापडेना. मागे-पुढे दहा वर्षं बघितली. मग सेशनच्या वहीत ती सापडली. लग्न झालेलंच नव्हतं. सेशनने तिला बोलावलं होतं, तिने कबुली दिली, समज दिली गेली, आणि मग मुलाचा बाप्तिस्मा. बापाचं नाव नाही. पुढच्या वर्षी त्याच वहीत एक ओळ: परदेशी जाते म्हणून दाखला दिला, वर्तणूक चांगली.

आता हे आईला सांगायचं का? सहकारी आठवडाभर अडून बसली होती. आमच्या टीममध्येही दोन तट पडले. एक म्हणे, चौऱ्याऐंशीव्या वर्षी कशाला? दुसरा म्हणे, आपण कोण ठरवणारे? शेवटी तिने सांगितलं. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे ती एकटीच आली होती." बस. तेवढंच. मग म्हणाली, बोटीवरच्या त्या नवऱ्याचं मला लहानपणापासून वाईट वाटायचं, आता तिचं वाटतं.

मला यातून एक गोष्ट पटली. या वह्या लिहिणारे सगळे पुरुष, आणि गरीब बाईचं नाव त्यात बहुतेक वेळा तिची चूक म्हणूनच येतं. ते वाचताना वही काय म्हणते ते घ्यायचं, पण वहीने केलेला निवाडा आपण परत करायचा नाही. आणि दुसरी गोष्ट, असं काही सापडलं की लगेच पब्लिक झाडावर टाकू नका. आधी घरातल्या जिवंत माणसांना विचारा.

हातात काय लागत नाही

सगळंच वाचलंय असं समजू नका. बऱ्याच मंडळ्यांच्या वह्या १८२० किंवा १८३० च्या दशकापासूनच सुरू होतात. त्याच्या आधी कोणी नीट लिहीत नव्हतं, किंवा लिहिलेलं हरवलं. कित्येक पाळक वहीला स्वतःची मालमत्ता समजायचे आणि बदली झाली की घेऊन जायचे. मृत्यूच्या नोंदी तर फारच कमी, कारण प्रेस्बिटेरियन लोकांचं दफन पुष्कळदा चर्च ऑफ आयर्लंडच्या स्मशानभूमीत व्हायचं. त्यामुळे त्यांच्या वह्या, ज्या उरल्यात त्या, बघाव्याच लागतात. १८४५ च्या आधीची लग्नंसुद्धा कधीकधी तिथेच सापडतात. कारण उघड आहे. कायद्यात अडचण नको म्हणून कितीतरी प्रेस्बिटेरियन जोडपी अधिकृत चर्चमध्ये जाऊन लग्न लावायची. हेस्टरसारखी वेळ आपल्यावर नको, एवढाच विचार.

आपल्याकडचा धागा

जाता जाता एक. १८४० मध्ये ते नवं एकत्रित चर्च स्थापन झालं, त्याच सभेत त्यांनी पहिले दोन मिशनरी नेमले, जेम्स ग्लासगो आणि अलेक्झांडर कर. कुठे पाठवले? काठियावाडला, तेव्हाच्या मुंबई इलाख्याच्या बाजूला. ते मुंबईला उतरून राजकोटला गेले. कर तिथे पोहोचून थोड्याच काळात वारले. गुजरातेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या त्या कामातून उभ्या राहिल्या.

शिवाय कंपनीच्या आणि नंतर ब्रिटिश सैन्यात आयरिश शिपाई पुष्कळ होते. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, १७०९ पासूनच्या. म्हणजे अल्स्टरच्या वहीतून अचानक गायब झालेला एखादा मुलगा पुणे किंवा कुलाब्याच्या नोंदीत सापडू शकतो. तुमच्या ओळखीत कोणी असा शोध घेत असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

तर आजच्यासाठी एवढंच. तुम्हाला एकच काम देतो, आणि त्यासाठी आयर्लंडला जायची गरज नाही. तुमचा एखादा परदेशी मित्र किंवा सहकारी "आम्ही अल्स्टरचे" म्हणाला, तर त्याला विचारा: कुठली मंडळी? त्याला माहीत नसेल. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन करायला सांगा, याच आठवड्यात. वह्या दोनशे वर्षं थांबल्या आहेत, आणखी थांबतील. माणसं थांबत नाहीत.

भाग आवडला तर शेअर करा, प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!